नाडी सुटली

मगदूम डॉक्टरांचा रुमाल मी पहिल्यांदा उचलला तो चिमट्याने. ऑपरेशनच्या खोलीत नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तो पडला होता. मूळचा पांढरा असावा. मधोमध तपकिरीचे डाग, त्यांच्याभोवती आणखी कसलेतरी पिवळट डाग, आणि वाळून कडक झालेला एक कोपरा. मी तो चिमट्यात धरला, हात होईल तेवढा लांब केला आणि त्यांच्या स्टुलावर टाकला. त्यांनी तो शांतपणे उचलून नाकाला लावला, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "सिस्टरबाई, चिमटा उकळायला टाका. माझ्या रुमालाला काय काय लागलं असेल त्या चिमट्याचं, कुणी सांगावं!"

एकोणीसशे साठचं दशक तेव्हा निम्मं उलटलं होतं. सांगलीत एका सर्जनचं खाजगी हॉस्पिटल होतं आणि तिथे मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. सर्जनना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणणार आहे, कारण त्यांचं नाव लिहायची मला इच्छा नाही. मगदूम डॉक्टर तिथे भूल द्यायला येत. कृष्णेकाठच्या, कानडी मुलखाला खेटून असलेल्या खेड्यातले जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, कांदा-लसूण खायचा नाही, पाणी गाळून प्यायचं, हे सगळं कडक. आणि नाकात मात्र दिवसभर तपकीर.

माणूस ठेंगणा. सदऱ्याची पोटावरची गुंडी कायम तुटलेली. उजव्या करंगळीचं नख मुद्दाम वाढवलेलं, तपकीर उचलायला. नाकपुड्यांना तपकिरी काठ. कान कोरायला काडेपेटीतली काडी वापरायचे आणि कोरून झाल्यावर ती पुन्हा पेटीत ठेवायचे. चहा बशीत ओतून असा ओढायचे की बाहेर व्हरांड्यात बसलेले नातेवाईक आत वाकून बघायचे. मास्क बांधायचे तो नाकाखाली. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, मास्क नाकावरून घ्या." तर म्हणाले, "नाक झाकलं तर भूल कशानं द्यायची?"

ते खरंच नाकाने भूल द्यायचे. पेशंटच्या तोंडाशी वाकून त्याचा श्वास हुंगायचे आणि इथर किती चढलाय ते सांगायचे. त्या तपकिरी नाकपुड्या एखाद्या तरण्या पोरीच्या ओठांपासून वीतभर अंतरावर थरथरताना बघितल्या की मी तोंड फिरवून ट्रेमधली अवजारं मोजायला लागायचे. पोरगी शुद्धीत नसायची, तेवढंच तिचं नशीब.

गंमत अशी की ह्या माणसाला जगात सगळ्याची किळस यायची. 'ओंगळ' हा त्यांचा शब्द. दुधावरची साय ओंगळ. केसांना लावलेलं तेल ओंगळ. मोठ्या डॉक्टरांचं अत्तर फारच ओंगळ. पोह्यातला शेंगदाणासुद्धा ओंगळ, कारण तो दाताखाली न सांगता येतो. एखादी नर्स गजरा माळून आली की म्हणायचे, "सुकायला लागलेलं फूल म्हणजे काय असतं ठाऊक आहे का? मढं असतंय मढं. डोक्यात घेऊन फिरता." आणि हे म्हणून झालं की त्याच रुमालात फर्रकन नाक शिंकरायचे.

हॉस्पिटलात माझा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीत उपडा घातलेला. तो वेगळा का होता ते कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मला विचारायची गरजही नव्हती. लोणंदला आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर लागून काही वर्षं झाली होती, पण सांगलीतल्या चहाच्या कपांना ते कळलेलं नव्हतं. मगदूम डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तो कप पाहिला, मग फळीवरचे बाकीचे कप एकेक करून उचलून पाहिले आणि म्हणाले, "सगळेच ओंगळ." दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचा कप घरून पिशवीत घालून आणायला लागले आणि स्पिरिटने पुसून त्यात चहा घ्यायला लागले. त्यांना साऱ्या जगाच्याच कपांची एवढी किळस यायची की माझ्या कपाची वेगळी यायला जागाच उरली नव्हती. हा काही त्यांचा मोठेपणा नव्हे. पण त्या हॉस्पिटलात मला तेवढं एकच माणूस असं भेटलं.

पेशंट टेबलावर घ्यायच्या आदल्या दिवशी ते वॉर्डात जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "छाती वाजते का?" दमा आहे का, असं कधी विचारायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दमा म्हटलं की माणूस खोटं बोलतंय. पोरीचं लग्न मोडतं, गड्याचं काम जातं. छाती वाजते म्हटलं की कुणाचं काही जात नाही. खरं सांगून टाकतात."

हॉस्पिटलात काही शिकाऊ मुली होत्या. त्यांना दुपारी भुलीचा धडा मगदूम डॉक्टर द्यायचे. एकदा त्यांनी फळ्यावर श्वासनळीचं उलटं झाड काढलं, फांद्यांना फांद्या फोडत अगदी बारीक काड्यांपर्यंत नेलं आणि खडू ठेवून म्हणाले, "ह्या बारीक नळ्यांभोवती स्नायू असतोय. हाताचा स्नायू तुम्ही सांगाल तसा हलतो. हा तुमचं ऐकत नाही. गोल बसलेला असतो, आपल्या मर्जीचा. तुमच्या परकराला नाडी असते का नाही? तसा."

मुलींनी माना खाली घातल्या. मी मागे उभी होते. मलाही कुठे बघावं कळेना.

"लाजताय काय?" ते ओरडले. "नाडी ओढली की परकराचं तोंड चुण्या पडून आवळतं. नळीचं तसंच. आवळली की हवेला वाट उरत नाही, मग शिट्टी वाजते. तोच दमा. आता इथर. इथर लबाड आहे. घशात शिरला की आधी खोकवतो, ठसका आणतो, नाडी आणखी आवळतो. तिथं घाबरून जो मास्क काढतो तो पेशंटला मारतो. धीर धरून पुढं गेलं की तोच इथर स्नायूच्या एकेका पेशीपर्यंत पोचतोय आणि ती ढिली पडते. तुम्हाला वाटतं भूल आपण मेंदूला देतो. त्या पेशीलाही ती मिळते, मेंदूला न विचारता मिळते. मग नाडी सुटते. आणि नाडी सुटली की दमेकरी असा श्वास घेतो, असा श्वास घेतो की..." इथे ते थांबले आणि रुमाल नाकाला लावून उभे राहिले.

एका मुलीने धीर करून विचारलं, "पण ती पेशी ढिली का पडते, सर?"

"ते मला ठाऊक नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही अजून नीट ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं लिहितात, ओंगळ लेकाचे."

त्या धड्यानंतर आमच्या हॉस्पिटलात नाडी हा शब्दच नासला. पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून "नाडी बघते" म्हटलं की पोरी फिसकन हसायच्या. मगदूम डॉक्टर स्वतः मनगटातल्या नाडीला पल्स म्हणायचे. नाडी म्हणजे त्यांच्या लेखी फक्त ती, छातीतली, परकराची. मोठे डॉक्टर अर्थातच त्या धड्याला नव्हते.

त्याच सुमाराला मोठ्या डॉक्टरांनी मुंबईहून नवीन भुलीचं औषध आणलं. हॅलोथेन. छोटी बाटली, गोडसर वास, खोकला नाही, ठसका नाही. इथरचा वास उग्र. तो केसांत बसतो, घशाला चिकटतो, घरी जाऊन भाकरी मोडली तर भाकरीला येतो. मोठ्या डॉक्टरांच्या घरच्या मंडळींनी म्हणे त्यांना इथरच्या कपड्यांनिशी दिवाणखान्यात यायला बंदी केली होती. शिवाय इथर पेट घेतो, त्यामुळे विजेच्या सुईने रक्त थांबवता येत नाही आणि ऑपरेशन रेंगाळतं. मोठ्या डॉक्टरांना रेंगाळणं खपत नसे. मगदूम डॉक्टरांनी नवीन बाटली हुंगली आणि म्हणाले, "औषध सभ्य आहे. नाडी हेही सोडतं, माझ्या इथरपेक्षा गोडीनं सोडतं. पण ह्याच्या अंमलात ॲड्रेनालिन टोचावं लागलं तर हृदय बिथरतं. इथरवर टोचता येतं." मोठे डॉक्टर हसले. मगदूमांना इथर सोडवत नाही, असं ते आमच्यासमोर म्हणाले, आणि ते वेगळ्या अर्थाने म्हणाले. कारण इथरच्या बाटल्या आमच्याकडे जरा लवकर संपायच्या. भुलीचा डॉक्टर सोताच भुलीत असतोय, अशी वॉर्डबॉयमध्ये कुजबुज होती. माझ्याही कानावर ती आली होती आणि मला मुळीच आश्चर्य वाटलं नव्हतं. तसल्या रुमालाचा माणूस काहीही करू शकतो.

अशात बाळाबाई आली. म्हसवडच्या बाजूचं मेंढपाळाचं घर. नवरा धुळा, सासू, आणि सासूच्या कडेवर बाळाबाईची नुकती चालायला लागलेली पोर. बाळाबाईच्या उजव्या बरगडीखाली फुगवटा आला होता. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की यकृतात पाण्याची गाठ आहे, कुत्र्या-मेंढरांत राहणाऱ्यांना होते, काढलीच पाहिजे, आतल्या आत फुटली तर बाई जागेवर संपेल. मग त्यांनी विचारलं, "दमा वगैरे नाही ना?" छातीचा रोग असलेल्याला ते टेबलावर घेत नसत. टेबलावर कुणी गेलं तर नाव माझं जातं, असं ते उघड म्हणायचे, आणि व्हरांड्यात बसलेल्यांना ते पाठ झालेलं असायचं.

"न्हाई न्हाई," सासू घाईने म्हणाली. "दमा कुटला? तसलं काय न्हाई आमच्यात."

संध्याकाळी मगदूम डॉक्टर वॉर्डात आले. धुळा घोंगडं पांघरून खाटेशेजारी बसला होता. त्या घोंगड्याला मेंढरांचा असा वास होता की शेजारच्या खाटेवरची म्हातारी पदर नाकाला लावून पडली होती. "ते घोंगडं बाहेर!" मगदूम दारातूनच ओरडले. "केस, धूळ, लेंड्या. ओंगळ! व्हरांड्यात टाक जा." धुळा निमूटपणे टाकून आला. मग त्यांनी बाळाबाईला विचारलं, "छाती वाजती का गं?"

बाळाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. धुळ्याचा चेहरा एकदम खुलला.

"वाजती की! लय ग्वाड वाजती. पावा हाय तिच्या छातीत."

"कधी वाजतो?"

"धुकं पडलं की. मेंढरं कातरली की बी वाजतुया. तिच्या आज्याच्या छातीत बी हुता. बिरोबाचा पावा म्हंत्यात आमच्यात."

"अरे गड्या, दमा आहे हा."

"आवं न्हाई डाक्टर," धुळा त्यांना समजावू लागला. "दमा म्हाताऱ्यास्नी हुतो. ह्यो पावा हाय."

तो खोटं बोलत नव्हता. सासू खोटं बोलली होती की नाही हेही मला सांगता येणार नाही. त्यांच्या घरात त्या आवाजाला देवाचं नाव होतं आणि देवाने दिलेल्या गोष्टीची तक्रार डॉक्टरकडे कोण करतं? मगदूम डॉक्टरांनी तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला. तपकिरीचा एक कण तिच्या चोळीवर पडला, तो मी नंतर झटकला.

मोठ्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "मग घरी पाठवा."

"घरी म्हणजे कुठं? मेंढरांमागं?" मगदूम म्हणाले. "एखाद्या एडक्यानं धडक दिली की गाठ फुटेल. माळावर मरेल ती. पोट तुम्ही बघा, छाती मी बघतो. पण इथरवर."

"हॅलोथेन आहे ना आता?"

"गाठीतलं पाणी सांडलं तर हिची नाडी आवळणार. मला ॲड्रेनालिन टोचावं लागेल. इथरवरच."

मोठे डॉक्टर म्हणाले, "काही झालं तर ते तुमच्या नावावर, मगदूम."

"माझ्या नावाला आधीच वास येतोय," मगदूम म्हणाले आणि नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाबाई टेबलावर होती. मगदूम डॉक्टरांनी तिला झोपवलं. ती खोकली, ठसकली, पाय झाडले. मोठे डॉक्टर हात धुऊन उभे, कपाळाला आठ्या. मगदूम तिच्याशी हळूहळू बोलत होते, कानडी की मराठी कळत नव्हतं. मग ती शांत झाली. त्यांनी घशात नळी घातली, नळीला यंत्राचा काळा रबरी फुगा जोडला आणि फुगा हाताने दाबत बसले. फुगा दाबला की छाती वर, सोडला की खाली. रुमाल मांडीवर.

पोट उघडलं. गाठ दिसली, पांढरट, ताणलेली. तिच्यातलं पाणी सुईने ओढून घ्यायचं असतं आणि त्याआधी चारी बाजूंनी कापडं लावून घ्यायची असतात, कारण ते पाणी अंगात सांडलं तर विषासारखं भिनतं. मी शेवटची कापडं पुढे केली. "पुरे," असं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ती कोपराने बाजूला सारली आणि सुई घातली. सुईच्या कडेने पाण्याची चिळकांडी उडाली. पाणी पोटात उतरलं आणि त्याबरोबर द्राक्षाच्या सालींसारखे पांढरे पापुद्रे. हे दृश्य मी विसरायचा प्रयत्न केला आहे.

बाळाबाईच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या. मगदूम डॉक्टरांचा हात फुग्यावर थांबला. ते दाबत होते आणि फुगा दबत नव्हता. त्यांनी दुसराही हात लावला. दगड दाबावा तसा. छाती हलेना. आधी नळीतून बारीक शिट्टी येत होती, तीही बंद झाली. पावा वाजतो तोवर हवा जात असते. तो थांबला तेव्हा मला खरी भीती वाटली.

"इथर!" मोठे डॉक्टर ओरडले. "मगदूम, इथर बंद करा!"

मगदूमांनी यंत्रावरचा इथर सोडायचा दांडा उलट पुरता उघडला. "ॲड्रेनालिन!" दुसऱ्या सिस्टरने सुई भरली आणि टोचली.

"बंद करा म्हणतो ना मी! मारताय तिला!"

मगदूम दोन्ही हातांनी फुगा दाबत राहिले, सोडत राहिले, दाबत राहिले. बाळाबाईचे ओठ निळे पडले होते. मगदूमांच्या नाकाच्या टोकाला एक तपकिरी थेंब लोंबत होता. हात मोकळा नव्हता, पुसणार कशाने? तो थेंब लांब होत होता आणि पडत नव्हता. त्या बाईचा जीव माझ्यासमोर जात होता, तिची पोर बाहेर आजीच्या कडेवर होती, आणि मला त्या थेंबाची किळस येत होती. किळस वेळ बघून येत नाही.

थेंब पडला, त्यांच्याच मास्कवर. आणि त्यांचे हात जवळ आले. फुगा थोडासा दबला. मग आणखी थोडा. मग पुरता दबला, आणि बाळाबाईची छाती उचलली.

"सुटली!" मगदूम डॉक्टर सगळ्या ताकदीने ओरडले. "सुटली! नाडी सुटली!"

दाराबाहेर धुळा होता. त्याने ते ऐकलं. मराठी माणसाने जे समजावं तेच तो समजला. "आगं माज्या बाळाबाई!" असा त्याने टाहो फोडला, सासूने त्याच्यावर सूर धरला, पोर किंचाळायला लागली. आणि आत मोठ्या डॉक्टरांनीही तेच ऐकलं होतं. ते टेबलापासून मागे सरले. त्यांनी मनगटाला हात लावला नाही, छातीकडे पाहिलं नाही. त्यांनी हातमोजे काढले. रबराचा चट्ट असा आवाज झाला, आधी एक, मग दुसरा.

"सगळ्यांनी ऐकलंय," ते आम्हाला म्हणाले. "मी इथर बंद करायला सांगितलं होतं." मग ते दाराशी गेले, दार उघडलं आणि धुळ्याला म्हणाले, "दमा होता हिला. तुम्ही लपवलात. आता रडून काय उपयोग?"

मी बाळाबाईच्या पोटावर ओलं कापड धरून उभी होते. माझ्या हाताखाली तिचं यकृत श्वासाबरोबर खाली जात होतं, वर येत होतं, खाली जात होतं. जिवंत बाईच्या उघड्या पोटाकडे पाठ करून एक माणूस तिच्या मरणाचा दोष वाटत होता, आधी मगदूमांना, मग तिच्या नवऱ्याला. स्वतःच्या वाट्याला त्याने काही ठेवलं नव्हतं. मी आयुष्यात पू पाहिला, किडे पडलेल्या जखमा धुतल्या. पण ओकारी यावी असं मला वाटलं ते त्या क्षणी.

मगदूम डॉक्टरांना काही वेळ कळलंच नाही. ते फुगा दाबत हसत होते. मग त्यांनी मान वर केली. "कोण रडतंय? का रडतंय?" आणि उघडं दार, काढलेले हातमोजे बघून त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे ओंगळ माणसा!" ते मोठ्या डॉक्टरांना म्हणाले. अरे म्हणाले. "ती नाडी नव्हे, नाडी! छातीतली! बाई श्वास घेतीया. हात धू आणि ये इकडं!"

बाहेरचं रडणं तुटलं. धुळा दारातून विचारत होता, "म्हंजी कंची नाडी सुटली?"

"पावा वाजाय लागलाय परत!" मगदूम आतून ओरडले. "ऐक की!"

धुळा नंतर सगळ्यांना सांगायचा की त्याला तो दाराबाहेर ऐकू आला. ऐकू येणं शक्य नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी हात धुतले, नवीन हातमोजे घातले आणि पुढचं ऑपरेशन न बोलता केलं. हात त्यांचा चांगला होता, ते नाकारत नाही. पुढे ते ही हकीकत लोकांत रंगवून सांगायचे, खेडवळ नवऱ्याने कसा नाडीचा घोळ घातला म्हणून. हातमोज्यांचा भाग त्यात नसायचा.

बाळाबाई बरी होऊन गेली. जाताना धुळ्याने आपलं घोंगडं मगदूम डॉक्टरांच्या स्टुलावर ठेवलं. "तुमास्नी," एवढंच म्हणाला. मगदूम दोन पावलं मागे सरले. "शी! काय घाण वास आहे!" मला वाटलं, आता ते वॉर्डबॉयला देऊन टाकतील. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि काखेत मारून घरी नेलं.

त्यानंतर फार दिवस ते आमच्याकडे टिकले नाहीत. हॅलोथेन वापरणारे तरुण डॉक्टर आले. मगदूमांना बोलावून मोठ्या डॉक्टरांनी इथरच्या बाटल्यांबद्दल विचारलं, तेही आमच्यादेखत. त्यांनी स्वतःचा कप पिशवीत घातला आणि निघून गेले. खोलीत तपकिरीचा वास काही दिवस राहिला, मग फिनेलने गेला.

दशक संपता संपता मी सातारला सरकारी नोकरीत होते. थंडीतल्या एका सकाळी एसटी स्टँडवर लोणंदच्या गाडीची वाट बघत होते, तर बाकावर घोंगडं पांघरून कुणीतरी बसलेलं. दोन्ही बाजूंची जागा लोकांनी मोकळी सोडलेली. जवळ गेले तर तपकिरी नाकपुड्या. मगदूम डॉक्टर निम्मे झाले होते. खांदे कानाशी ओढलेले, तोंड उघडं, आणि घोंगड्याच्या आतून आवाज येत होता. बारीक, लांब, दोन सुरांत.

त्यांनी सगळ्यांना विचारलेला प्रश्न मी त्यांना विचारला. "छाती वाजते का, डॉक्टर?"

त्यांनी मला ओळखलं. बोलायला हवा पुरत नव्हती. "दमा न्हाई," ते तुटक तुटक म्हणाले. "पावा हाय."

मग त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली, रुमालावर ओतली आणि रुमाल नाकातोंडावर दाबून धरला. तो वास आला आणि मी सांगलीत जाऊन पोचले. इथर. ते खोकले, ठसकले, डोळ्यांतून पाणी आलं. "दारुडं दिसतंय," मागे कुणीतरी म्हणालं. मी तिथेच उभी राहिले. आधी आवळतो, मग सोडतो. हळूहळू खांदे खाली आले. आवाज विरला. त्यांनी एक बोट वर केलं. "सुटली," ते म्हणाले.

मला राग आला. बाटल्या, कुजबुज, तो रुमाल, सगळं एकदम समोर आलं. "डॉक्टर, हे असं करून तुम्ही टेबलाजवळ बसायचात?"

"टेबलाजवळ नाही. आधी. मागं संडासाच्या भिंतीशी उभा राहून."

"सांगायचं होतंत."

"कुणाला? दमेकऱ्याला तुमचा मोठा डॉक्टर टेबलावर झोपवत नव्हता. टेबलाशी बसवला असता?"

मी विचारलं, "मग तपकीर तरी कशाला?"

"इथरचा वास झाकायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला तपकिरीची लय किळस येते, सिस्टरबाई. पहिल्यापासून."

सांगलीची गाडी लागली. ते घोंगडं सावरत उठले, गर्दीत घुसले, चढले. बाकावर रुमाल राहिला होता. तोच असेल किंवा त्याचा धाकटा भाऊ, डाग तेच होते. खिडकीत त्यांचा चेहरा आला. "सिस्टरबाई! रुमाल!" कंडक्टरने घंटी मारली. मी इकडेतिकडे बघितलं. माझ्याजवळ चिमटा नव्हता.

रुमाल ओला होता, थंड होता आणि बोटांना चिकटला. मी तो उचलून खिडकीतून त्यांच्या हातात दिला.

"आता हात उकळायला टाका," ते म्हणाले, आणि गाडी सुटली.